डावीकडची जागा

जुळे सोलापुरात सकाळी सहा ते साडेदहा या वेळात एक पांढरी छोटी गाडी गल्ल्यागल्ल्यांतून संथपणे फिरत असते. माथ्यावर पिवळी पाटी, मागच्या काचेवर तांबडे एल अक्षर आणि आत बहुधा तीन बायका. एक चालवत असते. दुसरी मागच्या बाकावर बसून आपले घर येण्याची वाट बघत असते. तिसरी डावीकडच्या जागेवर, पायांखाली जास्तीचा क्लच आणि जास्तीचा ब्रेक घेऊन बसलेली असते. तिचे अर्धे लक्ष रस्त्यावर असते आणि अर्धे चालवणारीच्या गुडघ्यांवर. ती हेमावती तारापुरे. वय बावन्न. शिकायला येणाऱ्या साऱ्या बायका, वयाने मोठ्या असलेल्यासुद्धा, तिला अक्का म्हणतात.

फिरण्याची ही रीत तिच्या नवऱ्याने, मल्लिकार्जुनने, घालून दिली होती. पहिली बाई पायी हेमावतीच्या दाराशी येते, गाडी काढते आणि दुसरीच्या दाराशी नेते. मग दुसरी चालवायला बसते, पहिलीला तिच्या घरी सोडते आणि तिसरीला घ्यायला जाते. साखळी अशी सरकत राहते आणि शेवटची बाई गाडी पुन्हा हेमावतीच्या फाटकात आणून लावते. पेट्रोल वाचते, वेळ वाचतो. मल्लिकार्जुन जाऊन सहा वर्षे झाली, रीत तशीच राहिली. या रीतीतली एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, आणि हेमावतीने ती कुणाला सांगितलीही नव्हती: एकोणीस वर्षे रोज गाडीत बसणारी ही बाई गाडी चालवतच नव्हती. अक्कलकोटला, विजापूरला जायचे तर मल्लिकार्जुन चालवी, ती डावीकडे बसे. तो गेल्यावर कुठे जायचेच उरले नाही. बाजाराला रिक्षा होती, लग्नकार्याला भाऊ न्यायला येई. परवान्याची मुदत संपली की तो नवा होऊन येई, त्यावरचा चेहरा तेवढा जुना होत जाई.

"अक्कांनी बाराशे बायका रस्त्यावर आणल्या," असा विनोद तिच्या जुन्या विद्यार्थिनी करत आणि तीही हसे. आपण मात्र रस्त्याच्या कडेला राहिलो, हे तिला अलीकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी, गच्चीवरची फरशी पाणी मारूनही तापलेली असताना, उगाच जाणवू लागले होते. इच्छा काही मोठी नव्हती. शेजारी कुणी नाही, कुणाच्या चुकीवर पाय रोखून बसायचे नाही, समोर रस्ता आहे आणि तो आपल्याच हाताखालून सरकतो आहे. एवढीच. पण एवढीशी इच्छा बावन्नाव्या वर्षी चारचौघांत कुठे मांडायची? ती आत साठून राहते आणि सोलापुरातल्या नळासारखी चार-पाच दिवसांआड, अवेळी, जोरात येते.

मार्चच्या शेवटी ती इच्छा अशीच आलेली असताना श्रीदेवी तिच्या भाचीला घेऊन घरी आली. श्रीदेवीचे विजापूर रोडला औषधांचे दुकान आहे. चार वर्षांपूर्वी ती हेमावतीकडेच गाडी शिकली होती. भाची संस्कृती पुण्यात नोकरी करते. तिने बसल्या बसल्या आपला फोन हेमावतीच्या हातात दिला. पडद्यावर व्हिडिओत एक रस्ता सरकत होता. दोन्ही बाजूंना ओले हिरवे माळ, उजवीकडे दूरवर समुद्र, आणि त्या साऱ्यावर एक असा उजेड, ज्याला सकाळही म्हणता येत नव्हते आणि संध्याकाळही.

"आइसलंड," श्रीदेवी म्हणाली. "जूनमध्ये. दहा दिवस. गाडी भाड्यानं घ्यायची, देशाला एक चक्कर मारायची आणि परत यायचं. आपण तिघीच."

"मी कशाला गं त्यात?"

"तुम्ही नसला तर मला घरातनं सोडणार कोण? आणि चालवायला दोघी पाहिजेत. रोज एकटीनं दीडशे-दोनशे किलोमीटर चालवायचं म्हणजे डोळा लागायचा एखाद्या वळणावर. हिचं लायसन जानेवारीतलं. गाडीवाले एक वर्ष जुनं मागतात. म्हणजे राहिलो तुम्ही आणि मी. ही मागं बसून गाणी लावणार."

"आणि फोटो काढणार," संस्कृती म्हणाली. "अक्का, तिकडं स्टिअरिंग डावीकडं असतं. म्हणजे तुमच्याच जागेवर. तुम्हाला हलायलासुद्धा नको."

पोरगी गमतीने बोलून गेली. चहा झाला, दोघी निघाल्या, पण ते वाक्य खोलीत मागे राहिले. ज्या जागेवर बसून हेमावती आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवत आली, त्याच जागेवर बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बायका चालवत होत्या. जागा तीच होती, फक्त जग त्या जागेच्या बाजूने झुकलेले होते. त्या रात्री जेवताना तिने घास हातात धरून, संस्कृतीने पाठवून ठेवलेला तो रस्ता पुन्हा दोनदा बघितला, आवाज बंद करून. जणू आवाज ऐकला तर कुणीतरी तिला हटकले असते.

श्रीदेवीच्या घरची बैठक पुढच्या गुरुवारी संध्याकाळी भरली. तिचा नवरा महेश्वर बँकेत असतो. त्याने कुठून कुठून वाचून सहा पाने छापून आणली होती. सासरे गुरुबसप्पा, ज्यांना सारे घर अप्पा म्हणते, झोपाळ्यावर बसले होते. आयुष्य आडत बाजारात गेलेला माणूस. समोरच्याच्या शब्दाआधी त्याचा आवाज तोलायची सवय.

"वाऱ्यात दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं," महेश्वर वाचत होता. "नाही तर वारं दार उलटं करतं, आणि त्याची भरपाई विम्यात मिळत नाही. फोटो काढायला रस्त्यात थांबायचं नाही. एकेरी पूल आला की जो आधी पोचला त्याला आधी जाऊ द्यायचं."

"आन् दोघं एकदम पोचले तर?" अप्पांनी विचारले.

"मग सोलापूरकरानं थांबायचं, अप्पा," श्रीदेवी स्वयंपाकघरातून म्हणाली. "जरा सवय व्हायला पाहिजे की आपल्याला पण."

"रोज सकाळी हवामान बघायचं. टाकी अर्धी झाली की भरायची. अडचण आली तर एकशे बारा नंबर. आणि मुक्कामाला पोचल्यावर मला मेसेज, रोज, न चुकता."

"माणसं कशी हायत तितली?" अप्पा.

"माणसंच कमी आहेत, अज्जा," संस्कृती अप्पांना म्हणाली. "आख्ख्या देशात आपल्या सोलापूरच्या निम्मीसुद्धा नाहीत."

"मग तर लई वाईट. हाक मारली तर येनार कोन?"

हेमावती ऐकत होती. तिच्या विद्यार्थिनींना ती शेवटच्या दिवशी सांगत असे: सुनसान जागी टायर बसला तरी थांबू नका, रिमवर चालवा, रिम जाईल तर जाईल, जिथे बायकापोरे दिसतील अशाच धाब्यावर थांबा. रस्त्यावर माणूस नसण्याची भीती आणि माणूस असण्याची भीती या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीवरून बाईला गाडी न्यावी लागते, हे ती गेली एकोणीस वर्षे शिकवत होती. त्या देशात, संस्कृती सांगत होती, यांपैकी पहिली तेवढीच उरते. हेमावतीला ते खरे वाटत नव्हते, आणि ते खरे असावे असे फार वाटत होते.

"ते काय बी आसू दे," अप्पा म्हणाले, "दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचायचं. एवढं पाळा, बाकी कागद फाडून टाकला तरी चालंल."

"अज्जा, जूनमध्ये तिथं रात्रच होत नाही. बाराला पण उजेड असतो."

झोपाळा थांबला. "व्हय?"

"व्हय."

अप्पांनी महेश्वरच्या हातातल्या कागदांकडे बघितले. "मग बायका घरी येत्यात कवा?"

श्रीदेवी पदर तोंडाला लावून हसली, महेश्वरही हसला. हेमावतीला हसू आले नाही. लहानपणापासून तिच्या प्रत्येक वाटेच्या शेवटी सूर्य बसलेला होता, राखणदारासारखा. शाळेतून, कॉलेजातून, माहेरून निघताना त्याच्याकडे बघून पावले उचलायची. तो बुडलाच नाही तर किती लांब जाता येईल, हा हिशेब तिने कधी मांडला नव्हता.

"हेमावती चालवनार आसंल," अप्पा शेवटी म्हणाले, "तर माझी ना न्हाय. बाराशे पोरींना शिकवलेली बाई हाय ती. तिच्या पायात देव हाय."

एप्रिलमध्ये कागदपत्रे झाली. मुंबईला जाऊन व्हिसाचे अर्ज दिले. परदेशात चालवण्याचा परवाना म्हणून हेमावतीला एक छोटी पुस्तिका मिळाली. आत तिचा फोटो, वर शिक्का, मुदत एक वर्ष. ती पुस्तिका तिने कपाटात इरकली साड्यांच्या घडीत ठेवली आणि दिवसातून एकदा घडी उचलून बघू लागली. वर्गातल्या बायकांना तिच्यात काहीतरी फरक जाणवत होता. "अक्का, आज ब्रेक लावला नाहीत तुम्ही," एक म्हणाली, "कुत्रं आलं तरी." "तू लावलास की," हेमावती म्हणाली, आणि काचेबाहेर बघत राहिली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सराव ठरला. श्रीदेवीच्या घरची नवी गाडी गिअर न बदलावे लागणारी, ऑटोमॅटिक होती. तिकडे मिळणार होती तीही तशीच. सकाळी साडेसहाला तिघी अक्कलकोट रस्त्याने निघाल्या. पहिले दहा किलोमीटर श्रीदेवीने चालवले. मग एका कडुलिंबाखाली गाडी थांबवून ती उतरली आणि म्हणाली, "या. उजवीकडं या जरा आता."

हेमावती उजवीकडे बसली. आरसा आपल्या उंचीला लावला. किती वर्षांनी आरशात तिला मागचा रस्ता दिसत होता. डावीकडच्या जागेवरच्या आरशात ती फक्त विद्यार्थिनीचे घामेजलेले कपाळ बघत आली होती. गाडी निघाली. काळी जमीन नांगरून उलथून पडलेली, बांधावर एखादी बाभूळ, आकाश अजून तापायचे. साठ, सत्तर. श्रीदेवी काहीतरी बोलत होती, संस्कृती मागे गुणगुणत होती, आणि हेमावतीच्या छातीत एक जुनी, घट्ट बसलेली खिडकी कुणीतरी हळूहळू वर सरकवत होते. कुंभारी गावाच्या अलीकडे रस्ता थोडा वर चढतो आणि मग एकदम पुढचे सारे दिसते. ते दिसले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. उन्हाने, असे तिने स्वतःला सांगितले. ऊन तर डावीकडून येत होते.

तेव्हाच डाव्या बाजूच्या कच्च्या वाटेवरून एक मोटारसायकल रस्त्यावर आली. मागे कडब्याच्या पेंढ्या आडव्या बांधलेल्या, चालवणारा मान वळवून न बघणारा. शेजारी श्रीदेवीने श्वास आत ओढला. त्या आवाजाबरोबर हेमावतीचे दोन्ही पाय एकदम खाली गेले.

इंजिन भयंकर गुरगुरले, टायर किंचाळले आणि गाडी रस्त्याच्या मधोमध ठप्प उभी राहिली. पेंढ्या डुलत पुढे निघून गेल्या. मागून येणारा दुधाचा टेम्पो हॉर्नवर हात दाबून इतक्या जवळून गेला की आरसा थरथरला.

"बाप रे," श्रीदेवी म्हणाली. "अक्का, माझ्या हातात असती तर गेला असता तो आज."

"काय ब्रेक मारलात," संस्कृती म्हणाली. "मी घरी सांगणार आहे सगळ्यांना. अज्जा म्हणतात ते खरं आहे. तुमच्या पायात देव आहे."

हेमावतीने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केले आणि खाली पायांकडे बघितले. तिच्याखेरीज कुणाला कळले नव्हते. मोटारसायकल दूर होती. नुसता वेग कमी केला असता तरी पुरले असते. तिने काही ठरवलेच नव्हते. चालवणारीने श्वास ओढला की दोन्ही पाय एकदम दाबायचे, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर: एकोणीस वर्षांची ती सवय शेजारणीचा श्वास ऐकताच जागी झाली होती. पण इथे क्लच नव्हता. डावा पाय ब्रेकवर पडला होता, आणि उजवा जिथे होता तिथे, एक्सलरेटरवर, पूर्ण ताकदीने. गाडी कशी थांबली याचे श्रेय गाडी बनवणाऱ्याला होते. टेम्पोवाला जरा डुलकी घेत असता तर तिघींची नावे उद्याच्या पेपरात आली असती, आणि खाली लिहिले असते, मोटारसायकल आडवी आल्याने.

"आता तू चालव," ती श्रीदेवीला म्हणाली. "मला जरा ऊन लागलं."

पुढचे तीन दिवस ती वर्ग घेत राहिली आणि प्रत्येक बाईच्या पायांकडे अनोळखी नजरेने बघत राहिली. डोक्याला एका दिवसात शिकवता येते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण पाय फार उशिरा शिकतात आणि त्याहून उशिरा विसरतात. सायकल चालवलेल्या बायका महिना महिना हाताने ब्रेक शोधतात. स्वतःशी ती भांडत होती. दीड महिना हातात आहे. रोज सराव करू. गुपचूप करू. कुणाला सांगायची गरज काय? पण सारखा एक विचार तिच्या वाटेत आडवा येई. उजवीकडच्या नव्या जागेवरसुद्धा पाय असे वागले. तिकडे तर ती डावीकडे बसणार होती. स्वतःच्या जागेवर. तिथे पाय घरी आल्यासारखे बसतील, आणि घरी आलेला पाय मालकाचे ऐकत नाही. एकेरी पूल, समोरून येणारी गाडी, शेजारी श्रीदेवीने ओढलेला एक श्वास. ज्या जागेसाठी जीव झुरत होता, तीच जागा तिच्या हातून तिघींना मारू शकत होती.

बुधवारी रात्री तिने साडीची घडी उचलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी महेश्वरने पुन्हा सर्वांना बोलावले. व्हिसा झाले होते. संस्कृती पुण्याहून फोनच्या पडद्यावर हजर होती. ताटलीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. श्रीदेवी विचारत होती की ही बॅगेतून नेली तर तिकडचे लोक घेऊ देतील का.

"उद्या गाडीचं आणि मुक्कामांचं पक्कं करून टाकतो," महेश्वर म्हणाला. "वहिनी, गाडीच्या कागदावर पहिलं नाव तुमचं घालू का श्रीदेवीचं?"

"कुणाचं पण घाला," अप्पा म्हणाले. "ब्रेक मात्र हेमावतीनं मारायचा. संस्कृतीनं सांगितलं मला सगळं."

त्या वेळी ती हसली असती तरी पुरले असते. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, श्रीदेवीच्या चेहऱ्यावर गेल्या महिन्याभरात आलेले एक कोवळेपण होते, जे तिथे हेमावतीने कधी बघितले नव्हते.

"तो ब्रेक मी मारला नाही," हेमावती म्हणाली.

तिने सारे सांगितले. पाय कसे गेले, कुठला कशावर पडला. मग जे आजवर कुणाला सांगितले नव्हते तेही सांगितले, की मल्लिकार्जुन असताना आणि गेल्यावरही आपण कधी चालवत नाही, शेवटची बाई गाडी फाटकात लावून जाते. सांगताना तिचा आवाज वर्गात समजावून देताना असतो तसाच सपाट होता, म्हणून ऐकणाऱ्यांना ते जास्त लागले.

पडद्यावर संस्कृती म्हणाली, "पण अक्का, सराव केला तर?"

"होईल. कधी होईल ते सांगता येत नाही. दीड महिन्यात झालं असं मी म्हणू शकत नाही. दुसरी कुणी माझ्याकडे आली असती तर मी तिला पाठवलं नसतं."

अप्पा झोपाळ्यावरून उठले नाहीत. "खरं बोललीस, बरं केलंस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दार लावून घेतल्याचा आवाज होता. महेश्वरने सहा पाने एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या आणि दुमडली. "एकटीनं चालवायचं म्हणजे नको," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

श्रीदेवी फाटकापर्यंत सोडायला आली. पायरीवर दोघी थांबल्या.

"मला एकटीला सांगायचं होतं आधी," श्रीदेवी म्हणाली. "काहीतरी काढलं असतं की मी. रोज पहाटे उठून शिकवलं असतं तुम्हाला."

"आणि नसतं जमलं तर? तोवर सगळं पक्कं झालं असतं. मग मीच म्हणाले असते, जाऊ या, होईल काहीतरी. मला माझा भरवसा नव्हता, श्रीदेवी. मला फार जायचं होतं."

"मला नव्हतं जायचं?" श्रीदेवीचा आवाज खाली गेला. "तेवीस वर्षं झाली ह्या घरात येऊन. दुकान, घर, दुकान. पहिल्यांदा घरातनं सगळ्यांनी हो म्हटलं होतं. तुम्हाला माहीत होतं, अक्का."

हेमावतीला माहीत होते. श्रीदेवीने फाटक अगदी हळू लावले. ते आपटले असते तर बरे झाले असते.

मे गेला. जून आला. ज्या दिवशी विमानात बसायचे होते त्या दिवशी हेमावतीने सकाळी आठ बायकांचे वर्ग घेतले आणि संध्याकाळी गच्चीत जाऊन उभी राहिली. सव्वासातच्या सुमारास पश्चिमेला आकाश तांबूस झाले, मग राखेसारखे, मग दिवे लागले. तिकडे या क्षणी गवतावर दुपार असेल, आणि ती संपणार नसेल. संपणार नाही असा एक दिवस कुठेतरी चालू आहे आणि आपण त्यात नाही, ही जाणीव इतकी साधी होती की तिला रडूही आले नाही. शिकवण्याची गाडी श्रीदेवीच्या दुकानासमोरून रोज दोनदा जाई. डावीकडच्या काचेतून हेमावती बघे. श्रीदेवी बरणीतून गोळ्या काढत असे, मान कधीच वर करत नसे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना, हेमावती रिक्षा करून दुकानात गेली. काउंटरवर एक म्हातारा रक्तदाबाची चिठ्ठी घेऊन उभा होता. श्रीदेवीने त्याला औषध दिले, दोनदा समजावले, सुटे परत केले, आणि मगच तिच्याकडे वळली.

"बोला. काय दुखतंय?"

"गाडी शिकायचीय."

श्रीदेवीने तिच्याकडे नीट बघितले. "कुणाला?"

"मला. तुझ्या गाडीवर. तू शिकव."

"माझ्याकडं शाळा न्हाय, अक्का. पिवळी पाटी पण न्हाय."

"चालेल."

"शेजारी बसून मी काय करणार? तुमच्यासारखा ब्रेक न्हाय माझ्या पायाखाली."

"म्हणूनच," हेमावती म्हणाली. "तू नुसती बस. भीती वाटली की श्वास ओढ, जोरात. जितक्या वेळा ओढशील तितकं माझं काम होईल."

श्रीदेवीच्या ओठाचा एक कोपरा हलला. "त्यात मी हुशार आहे," ती म्हणाली. "फुकट न्हाय शिकवणार हां. रोज तुमच्या हातचा चहा. आणि डाव्या पायात चप्पल घालायची न्हाय, म्हणजे चुकला तर कळेल तरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाची भुरभुर होऊन गेली होती. रस्ता ओला, हवा मातकट. होटगी रस्त्याला लागल्यावर हेमावतीने वेग साठवर नेला. डावा पाय तिने बैठकीखाली ओढून घेतला होता. अनवाणी तळवा रबराच्या चटईवर थंड पडला होता. श्रीदेवी शेजारी हात बांधून बसली होती. एका वळणावर शेळ्यांचा कळप आला आणि श्रीदेवीने, या वेळी मुद्दाम नाही, खरोखरच श्वास ओढला.

डावा पाय सुटला. गाडी हिसका देऊन थांबली. पाण्याची बाटली पुढे घरंगळत गेली. मागे कुणी नव्हते. शेळ्या पांगल्या, एकीने वळून दोघींकडे बघितले.

"गेला," हेमावती म्हणाली.

"मी बघितला की." श्रीदेवीने वाकून बाटली उचलली, आणि कपाळ पुसले. "किती दिवस लागतात याला?"

"काहींना महिना. काहींना वर्ष."

"जूनला अकरा महिने आहेत. ह्यांनी ती सहा पानं फाडली न्हाईत, कपाटात ठेवलीत. संस्कृतीचं लायसन तोवर जुनं होतंय. नाहीच जमलं तुम्हाला तर ती आणि मी चालवतो." तिने बाटलीला लागलेली धूळ पुसली. "तुम्ही मागं बसून गाणी लावा."

शेळ्यांचा मालक काठी टेकत रस्ता ओलांडत होता. तो पलीकडे पोचेपर्यंत हेमावतीने वाट बघितली. मागच्या बाकाच्या खिडकीतून दिसणारा तो हिरवा माळ, तो समुद्र, तो न बुडणारा उजेड तिने मनात आणून बघितला. सारे सुंदरच होते.

"मला मागं नाही बसायचं," ती म्हणाली.

श्रीदेवीने पट्टा पुन्हा घट्ट केला, बाटली दोन्ही गुडघ्यांत धरली.

"मग चला," ती म्हणाली, "पाय आत घ्या आधी."